समीक्षाच्या नावाचा नारळ

रवळनाथाच्या जत्रेला शर्मिला कुबल दर वर्षी दोन नारळ घेऊन जायची. एक नवऱ्याच्या नावाचा, एक लेकीच्या. नवरा जितेंद्र मालवाहू बोटीवर कामाला, वर्षाचा बराचसा काळ दर्यावरच. त्याच्या नारळाला बाबू गुरव 'दर्यावर आसा, सांभाळून घरी येव दे रे म्हाराजा' एवढं म्हणून मोकळा व्हायचा. लेकीच्या नारळाची पाळी आली की मात्र तो घसा खाकरून घ्यायचा, कारण तिथे सांगायला पुष्कळ असायचं.

देवाकडे एकट्याने, मनातल्या मनात मागायचं ही आमच्याकडची रीत नव्हे. जे काय मागायचं ते गुरवाच्या तोंडून, मोठ्याने, चारचौघांच्या देखत. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. गुरव तुमच्या वतीने देवाला सांगतो आणि भोवती उभे असलेले सगळे त्याला दुजोरा देतात. मग ते तुमचे सोयरे असोत की तुमच्या कुंपणावरून तुमच्याशी भांडणारे असोत, तेवढ्यापुरते सगळे तुमच्या बाजूचे.

"बा देवा रवळनाथा," बाबू आळवायचा, "ह्या तुझा लेकरू, समीक्षा जितेंद्र कुबल, तुझ्या पायाकडे इला आसा. तेच्या डोळ्यांसमोर अक्षर थारणा नाय. शाळेत मागे पडता. तेच्या वाटेत काय आडवा इला असात तां बाजूक कर आणि तेका अक्षर येव दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अख्खा सभामंडप म्हणायचा.

शर्मिलाचे डोळे भरून यायचे. सगळा गाव आपल्या लेकीच्या पाठीशी उभा आहे असं तिला वाटायचं, आणि त्या एका क्षणावर ती पुढचं वर्ष काढायची. समीक्षा त्या वेळी कुठे बघत असते, हे तिने कधीच पाहिलं नव्हतं. हात जोडले की डोळे मिटायचे, ही लहानपणापासूनची सवय.

समीक्षाला येत नव्हतं असं काहीच नव्हतं, एक वाचणं-लिहिणं सोडून. घरी पर्यटक उतरायचे. तारकर्लीला येणाऱ्यांतले चार लोक शर्मिलाच्या माडाखालच्या दोन खोल्यांत राहायचे आणि तिच्या हातचं बांगड्याचं तिखलं खाऊन बोटं चाटायचे. कुणाला तिखट कमी, कुणाला सोलकढी जास्त, कोण उपासाचा, सगळं समीक्षाच्या डोक्यात. पण पाटीवरचा 'म' तिला सकाळी 'भ' दिसायचा आणि दुपारी भलतंच काही. शाळाशाळांतून फिरणाऱ्या विशेष शिक्षिका संचिता मॅडम होत्या, त्यांनी ते पहिल्यांदा ओळखलं. तपासण्या झाल्या, इस्पितळाच्या चकरा झाल्या, शिक्क्याचा दाखला आला. 'अध्ययन अक्षमता' असा जड शब्द त्यावर होता. मॅडम म्हणाल्या, "डोकं उत्तम आहे तिचं. वाचायची वाट तेवढी वेगळी आहे."

शर्मिलाने ती वाट आपल्या परीने काढलीही होती. रोज संध्याकाळी दिवे लागले की ती पडवीत बसून पुस्तकातला धडा मोठ्याने वाचायची, एकदा, दोनदा, हवं तितक्यांदा. समीक्षा ऐकायची. दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहिली की ओळीखालून बोट सरकवत तो धडा घडाघडा म्हणायची. बाई खूष, आई खूष. हे वाचणं नव्हे हे दोघींना ठाऊक होतं, आणि दोघींनीही त्याचा कधी शब्द काढला नाही. न वाचलेला धडा आला की मात्र पंचाईत.

आठवीपर्यंत असं निभलं. वाडीतली शाळा तिथेच संपत होती. नववीला हायस्कूल शोधायचं होतं, आणि तेही असं की जिथे लेक बुडणार नाही.

पहिल्यांदा शर्मिला शहरातल्या मोठ्या हायस्कुलात गेली. फाटकावरच दहावीच्या शंभर टक्के निकालाचा फलक होता, त्यावर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. आमच्या जिल्ह्याला निकालाचा भारी अभिमान. एखादी शाळा नव्व्याण्णवावर आली तर तिथले शिक्षक बाजारात मान खाली घालून मासे घेतात. मुख्याध्यापकांनी दाखला नीट वाचला, चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत नकार देऊन टाकला.

"तिला झेपणार नाही, ताई. आणि आमच्याकडे स्पर्धा फार. त्यापेक्षा घरी राहून सतरा नंबरचा फॉर्म भरा. बाहेरून बसू दे परीक्षेला."

"घरी राहून शिकवणार कोण, सर?" शर्मिलाने विचारलं. ऑफिसात तिची भाषा आपोआप पुस्तकी व्हायची. सर हसले. ती चहा न पिताच उठली.

दुसरं हायस्कूल घरापासून सायकलच्या अंतरावर. तिथले मोंडकर सर म्हणजे मऊ माणूस. त्यांनी दाखल्याकडे पाहिलंही नाही. "येऊ दे की. बसेल मागच्या बाकावर. कुणी तिला त्रास देणार नाही, उठवून वाचायला लावणार नाही. दहावीचं दहावीला बघू."

शर्मिलाचा जीव भांड्यात पडला. सायकलने जाईल, सायकलने येईल, दुपारचं गरम जेवेल. संध्याकाळी पडवीत धडा वाचायचा, तो वाचतच राहायचा. शिकण्याचं काय, हा प्रश्न तिच्या मनाच्या दाराशी आला होता, पण तिने त्याला आत घेतलं नाही. लेक डोळ्यांसमोर राहणार होती ना. माणसाला जे हवं असतं ते मिळालं की तो फार चौकशा करत नाही.

संचिता मॅडमनी मात्र चौकशा केल्या. "मागच्या बाकावर बसवतील म्हणजे शिकवतील असं नाही," त्या म्हणाल्या. इन्सुलीच्या पुढे, हायवेवरून आत गेल्यावर एक शाळा होती. तिथली पोरं मुंबईला आणि गोव्याला पांगल्यामुळे वर्ग ओस पडत चाललेले, पण तिथे एक नाईक बाई होत्या, अशाच मुलांना शिकवण्याचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. मुलींसाठी छोटं वसतिगृह होतं. "एकदा बघून तरी या," मॅडम म्हणाल्या. शर्मिला गेली ती मॅडमचं मन मोडायला नको म्हणून. जाताना समीक्षाकडून तिने दोन धडे पक्के करून घेतले.

नाईक बाईंची खोली म्हणजे जुना वर्ग होता. त्यांनी समीक्षाला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "तुला आवडेल तो धडा वाच."

समीक्षाने पान काढलं, बोट ठेवलं आणि सुरुवात केली. काय वाचली पोर. स्वल्पविरामाला थांबली, प्रश्नचिन्हाला आवाज वर नेला. शर्मिला खुर्चीत सरळ होऊन बसली. बाई थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि मग त्यांनी हात पुढे करून पुस्तक हळूच मिटलं.

वाचन चालूच राहिलं. एक वाक्य पुरं झालं, दुसऱ्याच्या अर्ध्यावर समीक्षाच्या ध्यानात आलं की आपलं बोट मिटलेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर सरकतंय. ती थांबली. शर्मिलाने पिशवी मांडीवर ओढली. आता बाई हसतील, किंवा रागावतील, किंवा दाखला परत देतील.

बाईंनी यातलं काहीच केलं नाही. "छान लक्षात राहतं तुला," त्या म्हणाल्या. "कोण वाचून दाखवतं?"

"आये... आई."

"रोज?"

"रोज."

बाईंनी शर्मिलाकडे पाहिलं. "फार कष्ट घेतलेत तुम्ही. आता जरा बाहेर बसता का? मला हिच्याशी बोलायचंय."

आजवर कुठल्याही ऑफिसात, कुठल्याही इस्पितळात शर्मिलाला कुणी बाहेर बसवलं नव्हतं. सगळीकडे प्रश्न तिलाच आणि उत्तरंही तिचीच. लेक शेजारी बसायची, एखाद्या पिशवीसारखी. ती चिऱ्याच्या पायरीवर काजूच्या सावलीत बसली आणि पदराने वारा घेत राहिली. आतून शब्द कळत नव्हते. पण मध्येच समीक्षा खळखळून हसली. घरी हसते तशी, शाळेत कधीच न हसलेली. ते ऐकून शर्मिलाला आनंद व्हायला हवा होता. झाला तो मत्सर, आणि तो तिने कुणाला सांगितला नाही.

बाहेर आल्यावर नाईक बाईंनी सरळ सांगितलं. अक्षरांपासून पुन्हा सुरुवात करावी लागेल, पण पहिलीचं पुस्तक हातात देऊन तिचा पाणउतारा करायचा नाही. वाचता येईल, हळू येईल, पण स्वतःचं स्वतः येईल. दहावीला लेखनिक मिळेल, वेळ जास्त मिळेल. मात्र वसतिगृहात राहायला हवं, आणि सुरुवातीला सारखी ने-आण नको. घरी यायचं ते एकदम गणपतीला. "मी तिला विचारलंय," बाई म्हणाल्या. "तिला यायचंय. तुमचं तुम्ही ठरवा."

सावंतवाडीहून मालवणची एसटी मिळाली. समीक्षाला खिडकी दिली.  तोंडात आलेला प्रश्न शर्मिला गिळत होती, आणि तो काही गिळला जात नव्हता.

"तुका थंय खरांच जावचा आसा?"

"व्हय."

"कित्याक गो? हंय काय कमी आसा तुका? मोंडकर सर तर म्हणतत, कोण तुका त्रास देवचो नाय."

 समीक्षा खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "थंय कोण 'व्हय म्हाराजा' म्हणूचो नाय."

"म्हणजे?"

"दर वर्षी जत्रेत बाबूकाका मोठ्यान सांगता. ह्या चेडवाक अक्षर येणा नाय. आणि सगळे म्हणतत, व्हय म्हाराजा. तू डोळे मिटून असतंस. मी बघतंय. माझ्या बाकामागचो ओंकार म्हणता, तेची भयण म्हणता, माझ्या वर्गातली सगळी म्हणतत. मगे शाळेत नवो धडो इलो आणि बाईंनी माका उभी केली, की पाठसून कोणतरी हळूच म्हणता, व्हय म्हाराजा. आणि सगळे हसतत."

एसटी झारापच्या वळणावर कलली तेव्हा शर्मिलाने पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली. इतकी वर्षं. ती नवस बोलावा तसं भक्तीने गाऱ्हाणं घालत होती, आणि गाव भक्तीनेच दुजोरा देत होता. कुणाचं काही वाईट मनात नव्हतं. आणि त्या सगळ्यांच्या मध्ये ही पोर उभी होती, आपलं उणं देवाला आणि वर्गाला एकाच वेळी ऐकू जाताना ऐकत.

"माका कधी बोललंस कित्याक नाय?"

"तुका बरा वाटायचा तेव्हा," समीक्षा म्हणाली.



एवढं कळल्यावर शर्मिलाने तिला लगेच इन्सुलीला पाठवायला तयार व्हावं, असं तुम्हाआम्हाला वाटेल. पण आईचं मन इतकं शहाणं नसतं. तिने आधी दुसरे मार्ग धरले. जत्रेत यापुढे नारळ नाही, असं ती म्हणाली. मोंडकर सरांना सांगून ओंकारला दुसऱ्या तुकडीत टाकू, असंही म्हणाली. सायकल कुठल्या रंगाची घ्यायची ते विचारलं. समीक्षा प्रत्येक गोष्टीला मान हलवायची आणि मग विचारायची, "पण माका वाचूक कोण शिकयतला?" त्यावर शर्मिलाला स्वयंपाकघरात काहीतरी काम निघायचं.

बोटी केव्हाच किनाऱ्यावर ओढल्या होत्या, पर्यटक संपले होते. रिकाम्या खोल्यांच्या चादरी धुऊन झाल्या, पुन्हा धुवायला काही नव्हतं. लेक माडांत झावळ्या गोळा करत असली तरी शर्मिला घरातून तिला हाका मारायची, नुसती 'ओ' ऐकायला. ही 'ओ' घरात येणार नाही, ते घर कसं असेल? तिने एका दुपारी समीक्षा शेजारी गेलेली असताना पडवीत बसून बघितलं. पुस्तक उघडलं आणि धडा मोठ्याने वाचायला घेतला. अर्ध्या पानावर तिने पुस्तक मिटलं. ऐकणारं कुणी नसलं की ते वाचन म्हणजे नुसती बडबड होती. तेव्हा तिला कळलं की त्या धड्यांची गरज लेकीला जितकी होती, त्याहून तिला स्वतःला जास्त होती. दिवेलागणीची ती घटका तिची होती. नवरा दर्यावर, सासू-सासरे गेलेले. दिवसभराच्या रांधण्या-वाढण्यानंतर कुणीतरी तिचा शब्द अन् शब्द मनात साठवून घेत होतं. असं माणूस पुन्हा कुठून आणायचं?

जितेंद्रचा फोन कुठल्याशा बंदरातून आला. त्याने सगळं ऐकून घेतलं. 

"मी पयल्यांदा बोटीर चढलंय तेव्हा माझी आये जेवली नव्हती," तो म्हणाला. "माका तां माहीत होता. तरी गेलंय."

"म्हणजे धाडूया म्हणतंस?"

"तिका जावचा आसा म्हणतंस मा तू? मग माका कित्याक इचारतंस?"

राग आला तिला. दोन समुद्रांपलीकडे बसून शहाणपण सांगायला काय जातं. पण ती रागावली ती मुख्यतः त्याचं खरं होतं म्हणून.

शाळा सुरू व्हायच्या आधीचा सोमवार. सोमवारी संध्याकाळी देवळात आरतीला वाडीतली माणसं असतात. शर्मिलाने एक नारळ घेतला आणि समीक्षाला म्हणाली, "चल, देवळात जाव्या." समीक्षाने नारळाकडे पाहिलं, मग आईकडे. चपला घालून निघाली.

खरं सांगायचं तर शर्मिलाच्या मनात काय होतं ते फार चांगलं नव्हतं. गाऱ्हाणं तिने ठरवून आणलं होतं. ह्या चेडवाचा मन फिरव, तेका हंयच ऱ्हवांदे. सगळ्यांनी एकदा 'व्हय म्हाराजा' म्हटलं की पोरीला मोडता येणार नाही, एवढा हिशेब तिने वाटेत केला होता. लेक जे टाळायला पळत होती तेच तिच्या पायांत बांधायचं होतं, आणि शर्मिलाला ते त्या घडीला दिसत नव्हतं. ओढ माणसाला आंधळं करते, आईला तर आधी.

आरती झाली. राधाबाई ओटी घेऊन आली होती, शिवा त्याच्या होडीच्या नव्या इंजिनाचा नारळ घेऊन. ओंकार आजोबांबरोबर खांबाला टेकून उभा होता. त्यांची गाऱ्हाणी झाली. मग बाबू गुरवाने शर्मिलाच्या हातातून नारळ घेतला. तो दर वर्षीचाच नारळ आहे असं त्याने गृहीत धरलं आणि घसा खाकरला.

"बा देवा रवळनाथा, ह्या तुझा लेकरू, समीक्षा जितेंद्र कुबल, तुझ्या पायाकडे इला आसा. तेच्या डोळ्यांसमोर..."

शर्मिलाने सवयीने हात जोडले. डोळे मिटणार, तेवढ्यात एसटीतलं बोलणं आठवलं आणि तिने ते उघडेच ठेवले. लेकीकडे पाहिलं.

समीक्षा कुणाकडेच बघत नव्हती. मान खाली, पायाचा अंगठा फरशीच्या सांध्यात रुतवलेला. जोरात सर येते तेव्हा छत्री नसलेलं माणूस वळचणीला अंग चोरून उभं राहतं, तशी ती उभी होती. संपायची वाट बघत. रडत नव्हती. याची तिला सवय झालेली होती.

"बाबूकाका, थांबा."

गाऱ्हाणं चालू असताना मध्ये कुणी बोलत नाही. बाबूचा हात हवेतच राहिला. राधाबाईने वळून पाहिलं.

"तिचा काय एक सांगू नकात," शर्मिला म्हणाली. "हो नारळ तिचो न्हय."

"मग कोणाचो?"

"माझो."

बाबूने आजवर शर्मिलाच्या नावाचं गाऱ्हाणं कधी घातलं नव्हतं. तिने कधी स्वतःसाठी काही मागितलंच नव्हतं. "बरा," तो म्हणाला. "काय सांगू?"

वाटेत तयार केलेले शब्द जिभेवरच होते. ते तिने तसेच ठेवले. "चेडू माझा इन्सुलीक शाळेत जाता," ती म्हणाली.  "तेच्याबगर माका घरात ऱ्हवाक जमणा नाय. तां जमांदे. इतक्याच सांगा."

 बाबू देवाकडे वळला आणि रोजच्यापेक्षा हळू आवाजात बोलला. "बा देवा रवळनाथा, ही तुझी लेक, शर्मिला जितेंद्र कुबल, तुझ्या पायाकडे इली आसा. तिचा चेडू परगावाक शिकाक जाता. तेच्याबगर तिका घर खावक येतला. तिका धीर दी, तेच्याबगर ऱ्हवाक शिकव रे म्हाराजा."

आणि कुणी काही म्हणालं नाही. नेहमीचं असतं तर तोंडं आपोआप उघडली असती. पण असलं गाऱ्हाणं कुणी ऐकलं नव्हतं, आणि यावर दुजोरा द्यायचा की डोळे पुसायचे हे कुणाला कळेना. समई तेवढी तडतडत होती.

"व्हय म्हाराजा," समीक्षा म्हणाली.

मान वर होती तिची. सबंध सभामंडपाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती म्हणाली होती. मग राधाबाई म्हणाली, शिवा म्हणाला, खांबाजवळून ओंकारही म्हणाला, न हसता. बाबूने नारळ फोडला आणि त्यातली एक वाटी शर्मिलाच्या हातावर ठेवली.